रेषेचं दुसरं टोक

९ ऑक्टोबर

फार उशिरा लिहायला बसलो, माफी असावी. डॉक्टरीणबाईंनी ही वही हातात दिली त्याला तेवीस दिवस झाले. "रोज चार ओळी लिहा काका, डोक्यातली भुणभुण कागदावर उतरली की रक्तदाबही उतरेल," असं त्या म्हणाल्या होत्या. मी मान डोलावली आणि वही कपाटावर टाकून दिली. सहावीनंतर सही आणि कामाचे कागद सोडून मी काही लिहिलेलं नाही. माफी नक्की कोणाची मागायची तेही कळत नाही. वहीचीच मागतो आणि सुरू करतो.

भुणभुण कसली म्हणाल, तर सगळीच. गॅस बंद केला का, कडी लागली का, शेजारच्या भिंतीला गेलेली भेग आपल्या भिंतीत आली का. थोरली म्हणते, "बाबा, काळजी करायला काही सापडलं नाही तर तुम्हाला त्याचीच काळजी लागते." थोरली म्हणजे माझी मोठी मुलगी, बर्फाच्या कारखान्यात कामाला जाते. ती आणि जावई माझ्याकडेच राहतात. जावई मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळतो. बोट समुद्रात असली की मी दिवसातून सहा वेळा गच्चीवर जाऊन आभाळ बघतो.

एक बरं झालं. निवृत्त होऊन सात वर्षं झाल्यावर मला कामावर परत बोलावलं. आमच्या बेटाच्या टेकाडावर रेडिओची दिशा शोधायचं केंद्र आहे. गावात सगळे त्याला कानघर म्हणतात. छपरावर पुरुषभर उंचीची तांब्याच्या नळीची रिंग, खालच्या खोलीत तिला फिरवायचं चाक. समुद्रात कोणी रेडिओवर बोललं की चाक फिरवायचं. आवाज सर्वांत बारीक होईल तिथे थांबायचं, की बोलणारा कुठल्या रेषेवर आहे ते कळतं. चौतीस वर्षं मी त्या रिंगला रंग दिला, तेल दिलं, मीठ खरवडलं. आता शिडीवर चढणारं कोणी उरलं नाही म्हणून पुन्हा मी.

पलीकडच्या किनाऱ्यावर असंच दुसरं केंद्र आहे. दोघांच्या रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे बोट. पण तिथला खांब गंजून वाकलाय, दोन महिने ते बंद आहे. म्हणजे सध्या सगळा भार आमच्या एका रिंगवर. हे कळल्यापासून माझी झोप गेली आहे.

११ ऑक्टोबर

आज रिंगचं मोठं काम केलं. तळाच्या पेटीत मीठ साचून स्क्रू हिरवे पडले होते. पेटीला दोन्ही अंगांनी झाकणं आहेत. सकाळी शिडी लावून एका बाजूचं झाकण काढलं. खालून येणाऱ्या दोन्ही वायरी सोडवल्या. एकीचं वेष्टण पूर्वी लाल होतं, एकीचं काळं, आता दोन्ही राखेच्या रंगाच्या. गोंधळ नको म्हणून डावीकडच्या वायरीला पांढरा दोरा बांधून ठेवला. माझी खबरदारी अशी असते.

दुपारी ऊन थेट डोळ्यांत यायला लागलं. म्हणून जेवण झाल्यावर शिडी पलीकडच्या बाजूने लावली आणि तिकडचं झाकण उघडलं. नवे स्क्रू बसवले. दोरा बांधलेली वायर डावीकडे, दुसरी उजवीकडे, जशा होत्या तशाच जोडल्या.

मग चाचणी. रिंगला हात लावला की दीपगृहाच्या खुणेवर तपासल्याशिवाय ती वापरायची नाही, हा इथला नियम. दीपगृहातून एकसारखा एक सूर येत असतो. खाली ऑपरेटर होता, त्याला आम्ही पोपट म्हणतो. रेडिओवर प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची त्याला सवय, ती घरीही सुटली नाही. लग्नात त्याने दोनदा हार घातला म्हणतात. त्याने चाक फिरवलं आणि खालून ओरडला, "रेषा बरोबर आली काका! रेषा बरोबर आली!"

कागदावर दोन रकाने असतात, रेषा आणि बाजू. रिंग नुसती रेषा सांगते, पण रेषेला टोकं दोन. बोलणारा कुठल्या टोकाला आहे ते सांगायला रिंगशेजारी एक उभी काठी आहे. खाली बाजूचं बटण दाबलं की काठी रिंगला जोडली जाते आणि बोलणारा असेल त्या एकाच टोकाला आवाज बुडतो. ते बटण फार कडक झालंय, पोपटाचा अंगठा दुखतो. शिवाय दीपगृह उत्तरेला आहे हे बेटावरच्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. बाजूच्या रकान्यात मीच लिहिलं : उत्तर. पोपटाने सही केली, मॅडमनी केली. मॅडम म्हणजे केंद्राच्या प्रमुख इंजिनिअर. "काका, तुम्ही आहात म्हणून निश्चिंत आहे," असं त्या म्हणाल्या. घरी येईपर्यंत ते वाक्य मी मनात घोळवलं.

१२ ऑक्टोबर

जावयाची बोट सकाळी गेली. कप्तान, दोन खलाशी, आचारी आणि जावई, पाच माणसं. कुठे जाणार ते नेहमीप्रमाणे कोणी सांगितलं नाही. मासा लागायच्या जागा आमच्याकडचे कप्तान बायकोलाही सांगत नाहीत, विचारलं तर उलटी दिशा सांगतात.

जावयाला दारात म्हटलं, "जावईबापू, हवा बिघडेल असं वाटतंय."

"मामा, तुम्हाला माझ्या लग्नाच्या दिवशीपण तसंच वाटलं होतं."

"त्या दिवशी मांडव उडाला होता."

"पण नवरा राहिला ना!" असं म्हणून हसत गेला.

१४ ऑक्टोबर

घाईत लिहितोय, अक्षर वाकडं येईल.

दुपारपासून वारा सुटला. तीन वाजून चाळीस मिनिटांनी मी कानघरात खाली बसून बिजागरीला तेल देत होतो. पोपटाने एकदम हात वर केला. मी कप्तानाचा आवाज ओळखला. "पाणी आत शिरतंय, इंजिन बंद, पाच जण, आम्ही इथं," एवढंच आलं. अकरा सेकंद. जागेचा आकडा सांगायच्या आत सगळं तुटलं.

पण पोपट तेवढ्यात चाकावर होता. रेषा मिळाली, नैर्ऋत्य ते ईशान्य. त्याने दोन्ही अंगठे लावून बटण दाबलं. "ईशान्य, मॅडम. ईशान्य." मॅडमनी नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली आणि बंदराला फोन केला. वीस मिनिटांत दोन बचाव बोटी सुटल्या.

घरी आल्यावर थोरलीला सांगितलं. ती भिंतीला टेकली. मी म्हटलं, "रडू नको. रिंग मी तीन दिवसांपूर्वीच साफ केली आहे. ती साफ नसती तर अकरा सेकंदांत काही हाती लागलं नसतं. देवाने वेळेवर बुद्धी दिली."

१५ ऑक्टोबर

ईशान्येला काही नाही. एक फळकूट सापडलं, ते जुनं निघालं.

थोरली सकाळीच म्हणाली, "बाबा, ते खालच्या अंगाला जाणार होते. नैर्ऋत्येला. मला निघताना बोलले."

"उलटी दिशा सांगतात ती माणसं, माहीत नाही का तुला?"

"मला नाही सांगत ते उलटं."

"अगं, माणसाचं ऐकायचं की यंत्राचं? यंत्राला काय तुझ्यापासून लपवायचंय?"

"तुम्ही एकदा मॅडमना सांगा तरी."

मी ओरडलो. गप्प बस म्हणालो. चौतीस वर्षं मी तिथे काय माती खाल्ली का, असंही म्हणालो. ती आत निघून गेली. नंतर मला वाईट वाटलं, पण अशा वेळी घरात एकाने तरी खंबीर राहायला हवं. मॅडमना काही सांगितलं नाही. बायकांच्या बोलण्यावर बोटी फिरवतात का?

१६ ऑक्टोबर

वारा पडला. ईशान्येला आता चार बोटी आणि एक विमान आहे.

दुपारी बंदरातल्या रडारवाल्याचा फोन आला. पोपटाने घेतला आणि सवयीप्रमाणे मोठ्याने परत म्हणून दाखवला. चौदा तारखेला अडीचच्या सुमारास रडारच्या पडद्यावर नैर्ऋत्येला, अगदी कडेला, एक बारीक ठिपका दिसत होता. लाकडी बोट असावी. मग लाटांच्या गर्दीत तो गेला. कानघराने ईशान्य सांगितलं म्हणून त्याने लक्ष दिलं नाही, पण दोन दिवस मनात खुपतंय म्हणाला.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "काका, अकरा तारखेची चाचणी नीट झाली होती ना?"

"कागद समोर आहे मॅडम."

"कागद मी पाहिला. मी तुम्हाला विचारतेय."

"रेषा तंतोतंत आली होती," मी म्हणालो. ते खरंच आहे. रेषा आली होती.

कागद फाइलीत ठेवत त्या म्हणाल्या, "दुसरी बोट असेल." पोपट नखाने टेबलावरचा रंग खरवडत होता.

घरी येऊन मोरीचा नळ दुरुस्त केला. तो गळत नव्हता, पण गळेल असं वाटत होतं. मग घरच्या शिडीच्या बिजागरीला तेल दिलं. शिडी तोंड भिंतीकडे करून ठेवली. डावीकडची डावीकडे जोडली होती, दोरा होता, मला पक्कं आठवतंय. उद्या लवकर जाऊन एकदा नजर टाकतो. काही नाही, आपली खात्री.

१७ ऑक्टोबर

सहा वाजता कानघरात पोचलो. रात्रपाळीचा माणूस चहाला बाहेर गेला होता. हेडफोन लावला, दीपगृहाचा सूर धरला. रेषा बरोबर. मग बाजूचं बटण दाबलं. सूर दक्षिणेला बुडाला.

दीपगृह दक्षिणेला नाही.

मी तीन वेळा दाबून पाहिलं. तिसऱ्या वेळी अंगठ्याचं कातडं सोललं. मग वर चढलो आणि पेटीसमोर उभा राहिल्यावर सगळं समजलं. शिडीच्या या बाजूने जी डावी, ती पलीकडून उजवी. एवढं लहान पोरालाही कळतं. मी ऊन चुकवलं आणि हात तेवढे जागच्या जागी ठेवले.

वायरी अदलाबदल केल्या. दोन मिनिटांचं काम. पुन्हा दीपगृह पाहिलं, सूर उत्तरेला बुडाला. तेव्हा सव्वासहा झाले होते. आता रिंग बरोबर होती, दोरा खिशात होता आणि कोणाला काही कळायचं कारण नव्हतं.

मॅडम सात वाजता आल्या. त्यांच्यामागे पोपट. मी उभा राहिलो.

"मॅडम, चौदा तारखेची बाजू उलटी आहे."

"काय म्हणालात?"

"रेषा खरी आहे. टोक दुसरं. नैर्ऋत्य."

"कशावरून?"

"वायरी मी उलट्या जोडल्या होत्या. चाचणीत बाजूचं बटण दाबलंच नव्हतं. दीपगृह कुठे आहे ते माहीतच आहे म्हणून लिहून टाकलं."

"आता रिंग कशी आहे?"

"आता बरोबर आहे. सव्वासहाला बदलल्या."

त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. सात वाजून पाच मिनिटं. मग फोन उचलला. मधला पाऊण तास मी कुठे होतो ते त्यांनी विचारलं नाही. मी खालच्या पायरीवर बसलो होतो.

फोनवर त्या म्हणाल्या, "सगळ्या बोटी फिरवा. हो, बरोब्बर उलट. चूक आमच्या केंद्राची आहे, चाचणीवर माझी सही आहे." माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

पोपट म्हणाला, "बटण मी दाबायला हवं होतं काका. मी दाबायला हवं होतं." आज त्याच्या दोनदा बोलण्याला कोणी हसलं नाही.

१८ ऑक्टोबर

नैर्ऋत्येला एकतीस मैलांवर बोट सापडली. उलटी होऊन तरंगत होती. वर तिघे होते, कप्तान, आचारी आणि थोरला खलाशी. तिघे जिवंत. जावई त्यांत नाही.

बंदरातल्या दवाखान्यात जाऊन कप्तानाला भेटलो. ओठ फाटलेले, बोलताना रक्त येत होतं. पालथ्या बोटीवर पाच जण मावेनात म्हणून जावई आणि धाकटा खलाशी रबराच्या तराफ्यात बसले, हातातला छोटा रेडिओ घेऊन. तराफा दोराने बोटीला बांधलेला होता. सोळा तारखेच्या दुपारी दोर तुटला. संध्याकाळपर्यंत ते दिसत होते.

"घाबरत नव्हता तुमचा जावई," कप्तान म्हणाला. "दोर तुटेपर्यंत आम्हाला धीर देत होता. म्हणायचा, माझे मामा कानघरात आहेत, आपली दिशा लागली असणार, येतीलच आता. चौदाला म्हणाला, पंधराला म्हणाला. सोळाला म्हणाला, मामा सगळं तीनतीनदा तपासतात, म्हणून वेळ लागतोय."

मी कप्तानाला काही सांगितलं नाही. थोरलीला सांगितलं. जेवणाच्या ताटासमोर सगळं सांगितलं, शिडी, ऊन, दोरा, बटण.

ती म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

"काल सकाळी."

"मी पंधरालाच सांगितलं होतं."

"हो."

"गप्प बस म्हणालात."

"हो."

ती उठली. दोरीवरचा त्याचा धुतलेला शर्ट काढला, पुन्हा पाण्यात घातला आणि पुन्हा धुवायला लागली. बराच वेळ धूत होती. मी ताट तसंच झाकून ठेवलं.

२० ऑक्टोबर

वरून दोन अधिकारी चौकशीला आले. मी सगळं खरं सांगितलं. त्यांतला एक म्हणाला, "म्हणजे तुम्ही फक्त जागा बदललीत." त्याला ते लहानसं वाटलं असावं. मला आता रिंगला हात लावायची मनाई आहे. मॅडमची बदली होणार असं पोपट म्हणतो. मी त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिलो तर त्या म्हणाल्या, "काका, बसायला येत जा. चढू मात्र नका." त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

थोरली माझ्याशी कामापुरतं बोलते. बाबा म्हणत नाही. "जेवण वाढलंय" एवढंच म्हणते, भिंतीला सांगितल्यासारखं.

बचावाच्या बोटी आता दोनच आहेत. बाकीच्या परत आल्या. त्यांना आराम हवा असेल.

२२ ऑक्टोबर

आज बंदर कार्यालयातून एक गृहस्थ घरी आले. फार सभ्य माणूस, चपला बाहेर काढल्या. थोरली कामावर होती. त्यांनी विचारलं, जावयाच्या पट्ट्याचं बक्कल कसं होतं, अंगावर जुनी खूण होती का, दात कधी भरले होते का. मी सगळं नीट सांगितलं. उजवीकडची मागची दाढ चांदीने भरलेली, डाव्या पोटरीवर इंजिनाच्या वाफेने भाजल्याचा डाग. त्यांनी सगळं लिहून घेतलं. शोधाच्या कागदांवर किती बारीकसारीक लागतं! मी म्हटलं, "हे तुम्ही चौदालाच का नाही विचारलंत? उशीर केलात." ते म्हणाले, "हो, चुकलंच आमचं."

जाताना मुलगी किती वाजता घरी येते ते त्यांनी विचारलं. मग कारखान्यातच जाऊन भेटतो म्हणाले. मी पाणी विचारलं तर नको म्हणाले.

चला, काम नेटाने चाललंय म्हणायचं.

२३ ऑक्टोबर

काल थोरली लवकर घरी आली. तिच्याबरोबर मॅडम होत्या. दोघी माझ्याजवळ बसल्या. मॅडम काही सांगायला लागल्या, पण थोरलीने त्यांचा हात धरला. मग म्हणाली, "बाबा, उद्या बोलू." किती दिवसांनी बाबा म्हणाली! मी बरं म्हटलं. उद्या बोलायला वेळ आहेच.

आज सकाळी मात्र मी सरळ कानघरात आलो, कोणाला न उठवता. पोपट एकटाच होता. मला बघून उभा राहिला. मी म्हटलं, छोट्या रेडिओच्या लहरीवर लाव. तो म्हणाला, "काका, ती लहर आता बंद—" आणि पुढचं बोललाच नाही, दोनदा तर नाहीच. त्याने हेडफोन माझ्या कानांवर ठेवला, आपली खुर्ची दिली आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला सर्दी झालेली दिसते.

कानात नुसती सरसर आहे. ऐकता ऐकता हे लिहितोय.

जावईबापू, हे तुम्हाला आहे. दोन दिवस तुम्ही माझा भरवसा धरलात, कप्तानाने सांगितलं. रागावला असाल, तर घरी आल्यावर हवं ते बोला, मी मान खाली घालून ऐकेन. पण आता बोलू नका, बोलण्यात बॅटरी जाते. नुसतं बटण दाबून धरा आणि दहापर्यंत मोजा. तुमचा आवाज नसला तरी रिंगला कळतं. रेषा मिळेल, आणि बाजूचं बटण पोपट दाबेल, मी स्वतः शेजारी उभा राहून बघेन, दीपगृहावर आज सकाळपासून चार वेळा तपासून घेतलंय.

थोरली उठली असेल. तिला काय सांगू? दहा आकडे मोजायला कितीसा वेळ लागतो. कळवा. लवकर कळवा.